खारवट जमिनीतला गहू

शिरोळ तालुक्यात आमच्या भावकीची दीड एकराची वतनाची पट्टी आहे, ओढ्याच्या कडेला, गावच्या खालच्या अंगाला. वरच्या शेतांत नदीचे उपसा पाणी आले, ऊस आला. त्या पाण्याचा पाझर खाली आमच्याकडे उतरतो. उन्हाळ्यात ओल वर चढून वाळते, क्षार मागे राहतात आणि जमीन मीठ सांडल्यासारखी पांढरी दिसते.

मागच्या थंडीत आमचे आप्पा म्हणाले, ‘‘आरं, गहू पिवळा पडलाय. अजून एक पोतं युरिया टाकू का?’’

हा प्रश्न आप्पांचा एकट्याचा नाही. समाजाच्या कामानिमित्त वस्त्यांवर जातो तेव्हा लोक माती परीक्षणाचा कागद पुढे करतात. मी कारकून माणूस, शेतीतज्ज्ञ नव्हे. पण आकडे वाचता येतात. मी आप्पांना म्हटले, ‘‘आप्पा, आधी कागद बघू, मग पोतं.’’

कागदावर दोन आकडे बघावेत. पहिला सामू. तो ८.५ च्या वर गेला तर जमीन चोपण होऊ लागली असे समजावे; पाणी मुरत नाही, वाळली की ढेकूळ दगडासारखे. दुसरा क्षारता, म्हणजे ईसी. ती १ च्या आत असेल तर घोर नाही. आप्पांचा सामू ८.९ निघाला. पांढऱ्या डागातली माती आणि चांगल्या भागातली माती वेगवेगळी द्यावी, नाहीतर सरासरी निघते आणि रोग लपतो.

आता खत. बागायती वेळेवर पेरलेल्या गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्र, ६० स्फुरद, ४० पालाश अशी शिफारस आहे. खारवट-चोपण जमिनीत नत्र पाव हिस्सा वाढवून, म्हणजे १५० किलो द्यायला सांगतात, कारण तिथे सेंद्रिय अंश कमी असतो आणि सामू जास्त असल्यामुळे युरियाचा अमोनिया होऊन हवेत उडून जातो. एकरी हिशेब ६० किलो नत्र, म्हणजे सुमारे १३० किलो युरिया, जेमतेम तीन पोती. (पोते पूर्वी ५० किलोचे असे, २०१८ पासून ४५ चे आहे. जुन्या हिशेबाने मोजणारे अजून भेटतात.) ही तीन पोती एकदम नव्हे. एक हिस्सा पेरणीला, दुसरा २१ दिवसांच्या पाण्याला, तिसरा ४० ते ४५ दिवसांनी. वरून फेकून उघडा ठेवू नये. मातीआड करावा, नाहीतर लगेच हलके पाणी द्यावे. स्फुरदासाठी सिंगल सुपर फॉस्फेट बरे, त्यात कॅल्शियम आणि गंधकही मिळते. चोपणात जस्त कमी पडते, म्हणून एकरी १० किलो झिंक सल्फेट. आणि खत बियाण्याला चिकटू देऊ नये, खत हेही एक प्रकारचे मीठच आहे. आप्पांचे चौथे पोते म्हणूनच नको होते.

पण खताने जमीन सुधारत नाही, हे दुकानदार सांगणार नाही. चोपणाला जिप्सम लागते. किती, ते प्रयोगशाळेने सांगावे. पावसाळ्यात धैंचा पेरून फुलोऱ्याआधी, सहा-सात आठवड्यांत गाडला तर पुढच्या गव्हाला नत्रही मिळते आणि मातीही भुसभुशीत होते. बियाणे कर्नालच्या क्षार संशोधन संस्थेने काढलेले के.आर.एल. २१० सारखे मिळाले तर उत्तम. मात्र जिप्समने सुटलेला क्षार वाहून जायला वाट नसेल तर सारे फुकट. वाट म्हणजे चर.

बाबासाहेबांनी १९१८ साली लहान शेतीवर लिहिलेल्या निबंधात म्हटले होते की शेत किती मोठे यावरून ते परवडणारे की नाही हे ठरत नाही; त्यात भांडवल आणि साधने किती ओतता येतात ते बघावे. आमच्या दीड एकराला हे तंतोतंत लागू आहे. वतनाच्या बेड्या तुटाव्यात म्हणून त्यांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात बिल मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने गेली, जमीन वतनदारांना परत देण्यात आली. आज तीच जमीन ‘मेली आहे, देऊन टाका’ म्हणत मातीमोलाने मागणारे दारात येतात. कागदावर ती नव्या शर्तीची, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, हेही अनेकांना ठाऊक नसते.

चर ओढ्यापर्यंत न्यायचा तर आमच्या पट्टीच्या खालची पाच शेते मध्ये येतात. अर्ज मी लिहून दिला आहे. तीन सह्या झाल्या. चौथे गृहस्थ म्हणतात, आधी वरचा ऊसवाला त्याचे पाणी अडवू दे. त्यांचे म्हणणे खोटे नाही. रविवारी आप्पा आणि मी वरच्या शेतात जाणार आहोत.