पंधराचे घर

दिवाळी आली की अंगणात रांगोळीचे ठिपके मोजले जातात आणि दुकानात वहीतले आकडे. आम्हां शाळामास्तरांच्या वाट्याला दोन्ही येत नाहीत. म्हणून मी सुटीत आपला नऊ घरांचा चौरस आखून बसतो. १ ते ९ हे आकडे त्यात असे बसवायचे की आडवी, उभी, तिरपी, कोणतीही ओळ घ्या, बेरीज १५!

माझे गणित मॅट्रिकपाशीच थांबले. पण या खेळाला पदवी लागत नाही. मधल्या घरातून चार ओळी जातात. त्यांची बेरीज ६०. तीत सगळे आकडे एकेकदा येतात, त्यांचे झाले ४५. आणि मधला आकडा आणखी तीनदा येतो. उरलेले १५ तिघांत वाटले की ५! एकत्र कुटुंबातल्या आजीसारखा हा पाच मधोमध बसतो आणि चारही बाजूंचे हिशेब मिटवतो.

आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला गेलो, की मला खजुराहोचे पार्श्वनाथ मंदिर आठवते. तिथे दगडात सोळा घरांचा चौरस कोरला आहे, बेरीज ३४. नारायण पंडितांनी १३५६ साली ‘गणितकौमुदी’त या विद्येला ‘भद्रगणित’ असे भारदस्त नाव दिले. आणि ६१७४ या आकड्याचे गुपित जगाला सांगणारे कापरेकर मास्तरही या चौरसांत रमले. १९३० ते १९६२ ते देवळालीला शाळेतच शिकवीत होते!

कोडे सोडवण्यापेक्षा कोडे घालणे अवघड. दोन शेजारचे कोपरे भरून दिले, तर उत्तर एकच निघते. समोरासमोरचे दिले, तर दोन. एकदा मी मुद्दामच फळ्यावर डावीकडे वर २ आणि उजवीकडे खाली ८ लिहिले. पहिल्या बाकावरच्या हुशार मुलाने उत्तर मांडले. वर्गाने टाळ्या वाजवल्या. शेवटच्या बाकावर एक मुलगी होती. सोयाबीनच्या सोंगणीत निम्मे दिवस शेतात जायची. “मले गणित जमत नाही,” हे तिचे ठरलेले वाक्य. तिचे उत्तर वेगळे होते, म्हणून पोरे हसली. ती पाटी पुसू लागली, तेव्हा मी तिला फळ्यापाशी बोलावले आणि एकेक ओळ मोजायला लावली. आठही बेरजा पंधरा! वर्ग गप्प झाला. “माह्यं बी बरोबर हाय?” तिने हळूच विचारले. तिचे ते गणित न जमणारे वाक्य मात्र त्यानंतर माझ्या कानी आले नाही.

तेव्हा वाचकहो, फराळाच्या ताटाशेजारी एक कागद घ्या. हा कुबेराचा चौरस: आकडे २० ते २८, बेरीज ७२. वर डाव्या कोपऱ्यात २७, उजव्या कोपऱ्यात २५. उत्तर एकच आहे, मी दोनदा तपासले आहे. तरीही घरातले एखादे मूल निराळे उत्तर घेऊन आले, तर हसण्याआधी त्याच्या आठ बेरजा करून पाहा.