तांब्याची हंडी

माझी कोलकात्यास बदली झाली तेव्हा सामानाची बांधाबांध करताना आईच्या तांब्याच्या हंडीवरून घरात थोडी कुरबूर झालीच. "तिथं पाणी गाळायला यंत्र आहे," मी म्हणालो. "असू दे यंत्र. तांब्यातलं पाणी वेगळं," एवढे बोलून आईने हंडी आपल्या जुन्या लुगड्यात गुंडाळली. बदलीच्या नोकरीत संसार आटोपशीर ठेवावा लागतो. पण आईच्या श्रद्धांचे वजन कोणत्या भत्त्यात बसवावे?

पावसाळ्यात तिच्या पायात काच गेली. मधुमेहाची प्रकृती, जखम चिघळली. जंतूंच्या तपासणीचा कागद आला, त्यावर औषधांची लांबलचक यादी होती आणि बहुतेक नावांपुढे एकच शेरा : निरुपयोगी. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "बोट राहील की नाही, आठ दिवसांत कळेल."

त्या कागदापुढे मला आमच्या घरची रीत आठवली. साध्या पडशालाही ओळखीच्या दुकानातून जालीम गोळ्या आणायच्या आणि बरे वाटताच उरलेल्या फडताळात टाकायच्या! औषधाच्या माऱ्यातून जे जंतू तगतात, त्यांचाच वंश पुढे वाढतो. २०१९ या एका वर्षात अशा निर्ढावलेल्या जंतूंनी जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे नेली, असा अंदाज आहे.

एक इंजेक्शन अजून लागू पडत होते. जखमेवर मात्र चांदीयुक्त पट्टी बांधली गेली. आई माझ्याकडे पाहून नुसती हसली.

रुग्णालयाच्या बाकावर बसून मी या धातूंची कुळकथा वाचली. लाइप्झिगच्या क्रेडे यांनी १८८० च्या सुमारास नवजात अर्भकांच्या डोळ्यांत चांदीच्या क्षाराचे थेंब घालून कितीतरी बालकांचे अंधत्व टाळले. एर्लिख यांचे सोमलयुक्त औषध १९१० मध्ये उपदंशावर आले. आणि याच कोलकात्यात, कॅम्पबेल रुग्णालयाच्या लहानशा खोलीत, उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी १९२० साली अँटिमनीपासून काळ्या आजारावर औषध सिद्ध केले. तो शत्रू जंतू नव्हे, परोपजीवी. पण मार्ग धातूचाच. पुढे पेनिसिलिन आले आणि धातू मागे पडले.

आता ते पुन्हा पुढे येत आहेत. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०२० साली ९०६ धातुसंयुगांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांतील ८८ जंतूंवर वा बुरशीवर चालली आणि प्रयोगातील मानवी पेशींना अपाय न करणारी ठरली. बहुतेक औषधे जंतूच्या एकाच मर्मावर नेम धरतात. चांदीसारखा धातू त्याचे आवरण, त्याची प्रथिने, अशा अनेक ठिकाणी एकदम घाव घालतो. तरी हुरळून जाऊ नये. मात्रा चुकली की धातू रोग्यालाच विष. आणि चांदीलाही न जुमानणारे जंतू अमेरिकेतील एका रुग्णालयात १९७५ सालीच आढळले होते.

आईचे बोट राहिले. इंजेक्शनाने की चांदीने, हे डॉक्टरांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. हंडीतल्या पाण्याने असली जखम भरत नाही, हे तिलाही ठाऊक आहे. पण चिठ्ठीवाचून आमच्या घरात आता गोळी येत नाही. आणि रात्री ती हंडी घासून मीच भरून ठेवतो.