गाळलेल्या ओंव्या

वाचनाचा वेग हें विद्वत्तेचें एक गमक आहे, अशी आमची तरुणपणापासूनची समजूत होती. महाविद्यालयांत असतांना एका रात्रींत कादंबरी संपविणारा विद्यार्थी म्हणून आमचा लौकिक होता आणि पुढें प्राध्यापक झाल्यावर तर वेगानें वाचणें हा आमचा पोटापाण्याचा उद्योगच होऊन बसला. प्रस्तावना चाळावी, अनुक्रमणिकेवरून नजर फिरवावी, मधलीं चार पानें उलटावीं, शेवटचें प्रकरण तेवढें नीट पाहावें आणि दुसऱ्या दिवशीं वर्गांत त्या ग्रंथाविषयीं पाऊण तास बोलावें, ही कला आम्हीं चांगलीच हस्तगत केली होती. इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत तीस वर्षें गेलीं. या काळांत किती पुस्तकें वाचलीं, असें कोणी विचारलें तर आम्ही मोठासा आंकडा सांगूं. परंतु त्यांपैकीं किती पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलीं, असें विचारल्यास उत्तर देण्यापूर्वीं आम्हांस घसा साफ करावा लागेल.

हें सारें आज आठवण्याचें कारण असें कीं, गेल्या सुमारें दोन वर्षांत आम्हीं नीट असा एकच ग्रंथ वाचला. त्याचें चौथें पारायण आतां सरत आलें आहे. आणि त्यांतलें एकहि आम्हीं स्वतःसाठीं म्हणून आरंभिलें नव्हतें.

आमचे वडील नव्वदीला टेकले आहेत. घरांतलीं लहानथोर सारींच त्यांना तात्या म्हणतात. टपालखात्यांत ते पोस्टमन म्हणून लागले आणि पुढें परीक्षा देऊन कारकून झाले. इंग्रजी त्यांना पाकिटावरच्या पत्त्यापुरतेंच येई. मात्र सार्थ ज्ञानेश्वरीची एक जाडजूड प्रत त्यांच्या उशाशीं आम्ही जन्मापासून पाहत आलों. रोज पहाटे पन्नास ओंव्या, असा त्यांचा नेम. सुमारें नऊ हजार ओंव्यांचा तो ग्रंथ सहा महिन्यांत पुरा होई आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां पहिला अध्याय उघडे. या नेमाचें आम्हांस कौतुक होतें. परंतु तें कौतुक एखाद्या जुन्या वाड्याचें नक्षीकाम पाहून वाटावें त्या जातीचें होतें. महाविद्यालयांत गेल्यावर आमची देवपूजा सुटली, एकादशी सुटली, आणि देव आहे कीं नाहीं या प्रश्नावर दोन्ही बाजूंनीं सारखेंच चांगलें बोलतां येऊं लागलें. तात्यांनीं त्याबद्दल कधीं विचारलें नाहीं. आम्हींहि कधीं सांगितलें नाहीं. या मौनासच आम्ही घरांतला समजूतदारपणा म्हणत आलों.

पुढें तात्यांची दृष्टि गेली. दृष्टिपटलाचा मधला भाग झिजत जाणारा हा म्हातारपणचा विकार; नव्या चष्म्यानें त्यांत कांहीं होण्यासारखें नाहीं, असें डॉक्टरांनीं स्पष्ट सांगितलें. या दुखण्याची तऱ्हा मोठी विचित्र आहे. कडेचें दिसतें आणि समोरचें दिसत नाहीं. तात्या घरांत कोणाच्या आधाराशिवाय वावरतात, उंबऱ्याला अडखळत नाहींत, नजर वळवली कीं कडेची तुळस त्यांना अंधुक कां होईना दिसते. परंतु समोर बसलेल्या मुलाचा चेहरा आणि डोळ्यांपुढें धरलेलें अक्षर यांच्या जागीं नुसता एक करडा डाग उरला आहे.

आषाढी एकादशीच्या पहाटे त्यांनीं आम्हांस हांक मारली. पोथी मांडीवर उघडीच होती. "जरा वाचून दाखवशील का रे?" ते म्हणाले, "तुला वेळ असला तर."

वेळ नव्हता, परंतु नाहीं म्हणण्याचें धैर्यहि नव्हतें. आम्ही वाचूं लागलों आणि पहिल्याच दिवशीं आमची फजिती झाली. शेक्सपीअरचीं लांबलचक भाषणें वर्गांत साभिनय म्हणून दाखविणारी आमची जीभ मायबोलीच्या सातशें वर्षांपूर्वींच्या शब्दांवर ठेंचकाळूं लागली. आम्ही शब्द भलत्या ठिकाणीं तोडावा आणि डोळे मिटून बसलेल्या तात्यांनीं तो हलकेच जोडून द्यावा, असें कितीतरी दिवस चाललें होतें.

आठवड्याभरांत आम्हांस ही वेठ वाटूं लागली. आमच्या कन्येनें त्यावर तोड काढली. तिनें आपल्या मोबाईलवर ज्ञानेश्वरीचें सुरेख ध्वनिमुद्रित पठण शोधून आजोबांच्या उशाशीं ठेविलें. दोन दिवस तात्यांनीं तें मन लावून ऐकलें. तिसऱ्या दिवशीं ते नातीला म्हणाले, "आवाज मोठा गोड आहे हो त्यांचा. पण एखाद्या ओंवीपाशीं मला बसावंसं वाटतं आणि ते आपले पुढं निघून गेलेले असतात." कन्या म्हणाली, "आजोबा, ते थांबवतां येतं." तात्या हंसले. "येत असेल. पण थांबवायचं बटण मला दिसत नाहीं ना!" आमची सुटका झाली नाहीं.

चवथ्या शतकांत मिलानचा बिशप ॲम्ब्रोज हा ओंठ न हलवितां मनांतल्या मनांत वाचीत असे, ही गोष्ट ऑगस्टीननें आपल्या आत्मचरित्रांत मुद्दाम नमूद करून ठेविली आहे. वर्गांत ही हकीकत आम्हीं अनेकदां गंमत म्हणून सांगितली आहे. मनांत वाचण्याचें नवल वाटावें, असें तें काय? परंतु रोज पहाटे मोठ्यानें वाचूं लागल्यावर तें नवल आम्हांसहि थोडेंसें कळूं लागलें. मनांत वाचणारा आपल्या मर्जीचा राजा असतो. त्यानें कोठें रेंगाळावें, कोठून उडी मारावी, हें विचारणारा कोणी नसतो. मोठ्यानें वाचणाऱ्यासमोर मात्र दुसरा एक मनुष्य बसलेला असतो. ज्ञानेश्वरी तर मुळीं जन्मलीच अशा समोर बसलेल्या माणसांसाठीं. शके १२१२ मध्यें, म्हणजे इसवी सन १२९० सालीं, नेवाशास ज्ञानेश्वर बोलत गेले आणि सच्चिदानंदबाबा लिहीत गेले. नववा अध्याय श्रोत्यांकडे अवधान मागूनच आरंभ होतो. डोळ्यांनीं चाळतांना ही आम्हांस केवळ एक अलंकारिक पद्धति वाटली असती. तात्यांच्या समोर बसून वाचतांना तेथें खरोखरच कोणीतरी कोणाकडे कांहीं मागत आहे, हें ध्यानांत आलें.

तरीहि जुनी खोड एकाएकीं जात नाहीं. तेराव्या अध्यायांत ज्ञानाचीं लक्षणें आलीं आहेत. गीतेनें एकेका शब्दांत सांगितलेलें एकेक लक्षण ज्ञानेश्वर सावकाश उलगडून दाखवितात. अहिंसा या एका शब्दासाठींच त्यांनीं शंभरांहून अधिक ओंव्या वेंचल्या आहेत. आम्ही तेथें पोंचलों ते दिवाळीपूर्वींच्या परीक्षेचे दिवस होते. टेबलावर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पडला होता आणि महाविद्यालयांत लवकर पोंचावयाचें होतें. क्षमेचें विवरण संपलें. आम्हीं घड्याळाकडे पाहिलें, पुढच्या दहापंधरा ओंव्यांवरून नजर उचलली आणि आवाजांत कांहीं फरक न पडूं देतां एकदम गुरुसेवेच्या वर्णनावर जाऊन उतरलों. थोड्या वेळानें पोथी मिटली. ज्याला अक्षर दिसत नाहीं अशा मनुष्यापुढें ही गोष्ट किती सोपी होती, हें लिहितांना आज लाज वाटते. त्या वेळीं वाटली नाहीं.

तात्या एवढेंच म्हणाले, "आज लवकर झालं."

त्याच रात्रीं जेवणें झाल्यावर त्यांनीं आम्हांस जवळ बसविलें आणि कांहीं कारण नसतां आपल्या पोस्टमनकीची एक गोष्ट सांगितली. १९६२ सालच्या सुमाराची ती हकीकत. खेड्यांतून पत्रें वांटीत हिंडावयाचें आणि ज्यांना वाचतां येत नाहीं त्यांना तीं वाचूनहि दाखवावयाचीं, असा तेव्हांचा रिवाज. एका म्हातारीचा मुलगा मुंबईस गिरणींत होता. एकदां त्याचें पत्र आलें. यंत्रांत सांपडून हाताचीं दोन बोटें गेलीं, असें त्यांत लिहिलेलें होतें. तात्यांनीं वर पाहिलें. म्हातारी पदर सांवरून, तोंडाकडे टक लावून बसली होती. त्यांनीं तेवढा मजकूर सोडला आणि बाकीचें पत्र वाचून दाखविलें. म्हातारीनें आनंदानें त्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेविला. दोन महिन्यांनीं मुलगा घरीं आला.

"मग?" आम्हीं विचारलें.

"मग काय? ती कांहीं बोलली नाहीं. दारांत गेलों कीं पाणी विचारायची, बस म्हणायची. पण पत्र आलं कीं घ्यायची, आणि शाळा सुटेपर्यंत थांबून एखाद्या पोराकडून वाचवून घ्यायची. माझ्याकडे पुन्हां म्हणून दिलं नाहीं." तात्या थोडा वेळ थांबले. "मी आपलं दया म्हणून गाळलं होतं. झोंप आतां. सकाळीं उठायचंय."

आम्ही उठलों; परंतु झोंपलों नाहीं. दिवा लावून पोथी काढली आणि सकाळीं आम्हीं काय टाकून दिलें तें पाहिलें. तें आर्जवाचें विवरण होतें. आजच्या मराठींत आर्जव म्हणजे विनवणी. परंतु गीतेंत त्याचा अर्थ ऋजुता, सरळपणा, मनांत एक आणि बाहेर एक असें नसणें. आमच्या वाचकांना हा योगायोग रचलेला वाटण्याचा संभव आहे. तेराव्या अध्यायांत क्षमा आणि गुरुसेवा यांच्या मध्यें काय येतें, हें त्यांनीं स्वतःच उघडून पाहावें.

शके १५०६ मध्यें एकनाथ महाराजांनीं ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि यापुढें कोणीं तींत आपली ओंवी मिसळूं नये, अशी ताकीद देऊन ठेविली. भर घालणाऱ्यास नाथांनीं बजाविलें. गाळणाऱ्याविषयीं ते त्या ठिकाणीं कांहीं बोललेले नाहींत. ऐकावयास बसलेल्या आंधळ्या बापापुढें कोणी ओंव्या गाळील, हें त्यांच्या स्वप्नींहि आलें नसावें.

त्या रात्रीं आम्हांस आमचे विद्यार्थीहि आठवले. तीस वर्षें आम्हीं त्यांना ग्रंथांचे सारांश दिले, प्रश्नोत्तरें दिलीं, 'एवढें वाचलें तरी चालेल' असें सांगून पानांवर खुणा करून दिल्या. त्यांतल्या कित्येकांनीं तो ग्रंथ पुन्हां कधीं हातींहि धरला नसेल. त्यांच्यापुरता तो ग्रंथ आम्हीं वाचला तेवढाच. स्वतःसाठीं वाचतांना पानें गाळणारा स्वतःचें नुकसान करून घेतो. तो त्याचा व्यवहार. परंतु ज्याला आमच्याच तोंडून ऐकावयाचें आहे, त्याला आपल्यापासून काय काढून घेतलें गेलें हेंहि कळत नाहीं. तात्यांनीं दयेनें गाळलें, आम्हीं घाईनें. म्हातारीला आणि तात्यांना त्या फरकाचा काय उपयोग?

दुसऱ्या दिवशीं पहाटे पोथी उघडली. "काल एक पान उलटलं गेलं," हें वाक्य आमच्या ओंठांवर अगदीं तयार होतें. पान जणूं वाऱ्यानेंच उलटलें! कर्त्याला आडोसा देणारे असले प्रयोग मुलांना शिकवितांना आम्हीं पुष्कळ उदाहरणें दिलीं आहेत. तें वाक्य आम्हीं गिळलें आणि म्हटलें, "तात्या, काल मीं मधल्या ओंव्या गाळल्या."

"हूं," तात्या म्हणाले. "वाच."

आम्हीं वाचल्या. रागावणें नाहीं, क्षमा करणें नाहीं, उपदेश नाहीं. एका शब्दापाशीं आम्ही अडखळलों तेव्हां त्यांनीं तो नेहमीप्रमाणें जोडून दिला. पन्नास वर्षांच्या आयुष्यांत आमच्या हातून पुष्कळ कबुल्या राहून गेल्या आहेत. इतकी लहान कबुली इतकी जड जाईल, असें वाटलें नव्हतें.

त्या दिवसापासून आम्ही भाविक झालों, असें लिहून हा लेख संपवितां आला असता तर कांहीं वाचकांना बरें वाटलें असतें. परंतु तसें लिहिणें हीहि एक प्रकारची भरच झाली असती. देवाविषयींचे आमचे प्रश्न होते तेथेंच आहेत. ग्रंथांतील कित्येक गोष्टी आम्हांस पटत नाहींत, कित्येक कळत नाहींत. पूर्वीं न पटलेलें आम्ही सोडून देत असूं; आतां न पटलेलेंहि पूर्ण उच्चारून पुढें जातों आणि पुढच्या पारायणांत तेंच पुन्हां समोर येतें. तीन वेळां न पटलेली एखादी गोष्ट चौथ्या खेपेस पटते असें नाहीं. परंतु तिच्याशीं ओळख मात्र होते. पन्नाशीनंतर माणसाची वाढ होत असेल तर ती बहुधा अशाच संथ गतीनें होत असावी.

अलीकडे तात्यांना वाचन ऐकतां ऐकतां मधूनच झोंप लागते. मान छातीवर येते, हातांतली माळ सैल पडते. पूर्वीं अशा वेळीं आम्हीं हळूच पोथी मिटली असती. हल्लीं उरलेल्या ओंव्या आम्ही तशाच मोठ्यानें वाचतों. कन्येनें एकदां दारांतून विचारलें, "बाबा, आजोबा तर झोंपलेत. वाचतां कुणासाठीं?" त्याचें उत्तर आम्हांस अजून देतां आलेलें नाहीं. परंतु पन्नास ओंव्या रोज पुऱ्या होतात, आणि जाग आल्यावर "कुठं आलास?" असें तात्यांनीं विचारलें, तर आम्ही आंकडा खरा सांगतों.