प्रोफेसोरांचं देणं

इंजिनाच्या कॅलिब्रेशनमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला गुरू कोण म्हणून विचारलं, तर तो बहुधा कॉलेजातल्या एखाद्या सरांचं नाव घेईल. माझे गुरू इंजिनिअरही नव्हते. साओ पाउलोजवळच्या एका कारखान्यात ते डायनोवर, म्हणजे इंजिन चाचणीच्या यंत्रावर, टेक्निशियन होते. निवृत्तीला आलेले, जाड भिंगांचा चष्मा, कानात कायम कापसाचा बोळा. सगळे त्यांना ‘प्रोफेसोर’ म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो.

पुण्याहून कंपनीने मला तिकडे धाडलं ते 2015 च्या सुमारास. छोट्या टर्बो इंजिनांची तिथे तेव्हा धामधूम होती. फोक्सवॅगनची अप टीएसआय नुकतीच आली होती: एक लिटर, तीन सिलिंडर, पेट्रोलवर 101 अश्वशक्ती आणि इथेनॉलवर 105. मी कोल्हापूरकडचा, घरी ऊस. मळीपासून स्पिरिट होतं हे लहानपणापासून माहीत. पण पंपावर एका नळाला पेट्रोल, शेजारच्याला निव्वळ इथेनॉल, आणि गिऱ्हाईक आज हे, उद्या ते, परवा अर्धं-अर्धं भरतंय, हे तिथे पहिल्यांदा पाहिलं. तिथल्या पेट्रोलमध्येही तेव्हा 27 टक्के इथेनॉल होतंच.

टर्बोला इथेनॉल मानवतं. बाष्प होताना ते पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त उष्णता शोषून आतली हवा थंड करतं, ऑक्टेन भरपूर, त्यामुळे नॉकिंग, म्हणजे इंधन अवेळी पेटून होणारा टकटकाट, सहसा होत नाही. बूस्ट वाढवा, स्पार्क अलीकडे घ्या, इंजिन तक्रार करत नाही. फक्त लिटरमागे ऊर्जा सुमारे एक तृतीयांशाने कमी. एक किलो पेट्रोलला 14.7 किलो हवा लागते, तर इथेनॉलला 9. म्हणजे तेवढ्याच हवेत इंधन बरंच जास्त सोडावं लागतं. हे सगळं मला पुस्तकातून येत होतं. डायनोवर माझे मॅप सुंदर बसले होते.

प्रोफेसोरांनी आकडे पाहिले, मान डोलावली आणि म्हणाले, “आता घाटात जाऊ.”

सांतोस बंदराकडून साओ पाउलोला चढणारा सेरा दो मारचा घाट आपल्या खंडाळ्याची आठवण करून देतो. टाकीत इथेनॉल जवळजवळ संपत आणायचं, पायथ्याला क्युबाताओत पेट्रोल भरायचं आणि तसंच घाटाला लागायचं, असा त्यांचा बेत. टाकीत काय पडलं हे गाडीला कोणी सांगत नाही. ब्राझीलमध्ये 2003 साली फोक्सवॅगनची गोल टोटल फ्लेक्स ही तिथली पहिली फ्लेक्स, म्हणजे दोन्ही इंधनांवर चालणारी, गाडी आली, तेव्हापासून सॉफ्टवेअर ते एग्झॉस्टमधल्या लॅम्डा सेन्सरवरून ताडतं. ताडायला थोडा वेळ लागतो. नळ्यांमध्ये जुनं इथेनॉल उरलेलं असतं. ते संपून पेट्रोल इंजिनापर्यंत पोचतं ते नेमकं चढावर, पूर्ण बूस्टवर, आणि इंजिन अजून इथेनॉलच्याच हिशोबात असतं. मी लॅपटॉपकडे बघत होतो. ते शेजारी डोळे मिटून बसले होते, त्या दिवशी कापूस काढून. नॉकचा पहिला टकटकाट स्क्रीनवर दिसायच्या आधी त्यांचं बोट वर झालं होतं.

अंदाज पक्का होईपर्यंत बूस्ट आणि स्पार्क आखडून धरायचे, जोर नंतर, हा धडा त्यांनी मला त्या घाटात दिला. त्यासाठी चाचण्या वाढवाव्या लागल्या आणि वेळापत्रक घसरलं. आढावा बैठकीत साहेब भडकले तेव्हा प्रोफेसोर उठून म्हणाले की, घाटाचा हट्ट माझा, या पोराचा नव्हे. निवृत्तीच्या तोंडावर त्यांना याची काही गरज नव्हती. माझी नोकरी त्या वाक्यावर तरली असं मी आजही मानतो.

एवढा हट्ट कशासाठी, ते एका शनिवारी बाजारात उसाचा रस पिताना कळलं. तेलसंकटानंतर, 1975 मध्ये, सरकारने अल्कोहोलचा कार्यक्रम सुरू केला. 1979 मध्ये फियाट 147 फक्त अल्कोहोलवर धावू लागली, तेव्हा प्रोफेसोर कोवळ्या वयात कामाला लागलेले. पुढच्या काही वर्षांत नव्या गाड्यांपैकी बहुतेक अल्कोहोलच्याच. मग 1989 च्या शेवटाला साखरेला बाहेर चांगला भाव, अल्कोहोलला सरकारने बांधलेला भाव, आणि पंप कोरडे. त्यांच्या मेहुण्याची नवी गाडी दारात उभी राहिली. ती यांनीच घ्यायला लावली होती. त्यानंतर कित्येक वर्षं लोक अल्कोहोलच्या गाडीकडे वळून बघत नव्हते. धोरण चुकलं की त्याचा भुर्दंड गिऱ्हाइकाला बसतो, निदान गाडीने तरी त्यात भर घालू नये, असं ते म्हणत.

उतराई होण्याचा माझा एकमेव प्रयत्न म्हणजे कोल्हापुरी चप्पल. बायकोचा विरोध पत्करून ते ती घालून चर्चला गेले. एरवी माझ्याकडून त्यांनी कॉफीचेही पैसे घेतले नाहीत.

आता ते घरी असतात. अधूनमधून त्यांचा व्हॉइस मेसेज येतो आणि प्रश्न ठरलेला: तुमच्याकडे इथेनॉलचा भाव काय? ब्राझीलमध्ये पंपावरचा पोरगाही हिशोब करतो, पेट्रोलच्या 70 टक्क्यांपेक्षा स्वस्त असेल तर इथेनॉल भरायचं. आमच्याकडे 2023 च्या ऑगस्टमध्ये गडकरींच्या हस्ते फ्लेक्स इनोव्हाचा नमुना झळकला, ते त्यांना मी मोठ्या अभिमानाने कळवलं होतं. भावाचं मात्र उत्तर देता येत नाही. आपल्या बहुतेक पंपांवर 20 टक्के मिश्रण हेच पेट्रोल, आणि त्याला वेगळा भाव नाही.

फ्लेक्स गाड्या इथे जरूर याव्यात, माझं पोट त्यावरच आहे. पण त्याआधी पंपावर दोन नळ लावा, दोन भाव लावा, आणि इथेनॉलचा भाव त्याच्या ऊर्जेच्या हिशोबाने ठेवा. काय भरायचं ते गिऱ्हाईक ठरवेल.