आबांची काठी

आमच्या घरातली काठी भरीव वेळूची, खाली लोखंडी शेंबी ठोकलेली. माणदेशाच्या उन्हात ती तडकू नये म्हणून आबा, म्हणजे माझे आजोबा, तिला करडईचं तेल पाजायचे. शेळ्या वळायला तीच, रात्री पाणी धरायला जाताना तीच, खंडेनवमीला विळ्या-कोयत्याशेजारी हळदकुंकू लावून पूजेलाही तीच. 1972 च्या दुष्काळात अण्णा आणि तात्या, म्हणजे माझे वडील आणि चुलते, त्याच काठीला घागर अडकवून दोघांच्या खांद्यावरून पाणी आणायचे, असं आजी सांगायची.

आबा गेले आणि वाटणी झाली. जमीन दोघांत, काठी अण्णांकडे. पुढचं गावोगाव घडतं तेच. तात्यांनी नांगरताना बांध कोरला, असं अण्णांचं म्हणणं. बांध मुळात सरळ नव्हताच, असं तात्यांचं. सरकारी मोजणी मागवायचं दोघांनीही मनावर घेतलं नाही. मी दहावीत होतो. शिवीला शिवी लागली आणि अण्णांची काठी उठली. तात्यांनी डोकं वाचवायला डावा हात आडवा धरला. मनगटाच्या वर हात वाकडा झालेला दिसला, आणि अण्णा ढेकळांतच मटकन खाली बसले. अण्णांनी मारलं, हे मी तेव्हा नाकारलं नाही, आजही नाकारत नाही.

हाड मोडलं की कायद्याच्या लेखी दुखापत गंभीर. दवाखान्याचा दाखला आला आणि भारतीय दंड संहितेचं कलम 325 लागलं, सात वर्षांपर्यंत कैद. जोडीला शिवीगाळीचं 504 आणि धमकीचं 506. हवालदारांनी पंचांसमोर काठीची लांबी मोजली, शेंबी धरून वर्णन लिहिलं, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी बांधली, लाखेचं सील मारलं. काठी मुद्देमाल झाली, अण्णा आरोपी, तात्या फिर्यादी.

जामीन झाला, पण साक्षीदारांवर दबाव आणायचा नाही ही अट होती. वकिलांनी बजावलं, फिर्यादीशी एक शब्द बोलायचा नाही. दोन घरांत एकच भिंत होती. आजी वारली तेव्हा खांदा दोघांनी दिला, पण बोलले नाहीत. बांधानं जेवढं तोडलं नव्हतं तेवढं तारखांनी तोडलं.

साक्षीच्या दिवशी सील फोडून काठी तात्यांपुढे धरली. घटनेतली काठी हीच का, असं सरकारी वकिलांनी विचारलं.

"होय. आमच्या आबांची हाय."

पिंजऱ्यात अण्णांनी डोळे पुसले. कारकुनानं टाइप केलं ते एवढंच, की साक्षीदारानं काठी ओळखली.

गुन्हा शाबित झाला. पहिलाच गुन्हा म्हणून 1958 च्या परिवीक्षा कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर अण्णांना सोडलं. निकालाच्या शेवटी ओळ होती, जप्त काठी निरुपयोगी असल्याने अपिलाच्या मुदतीनंतर नष्ट करावी. निरुपयोगी! ते वाचून मला आला तेवढा राग त्या सगळ्या वर्षांत आला नव्हता.

पुढे वकिली शिकताना कळलं की जखमी माणूस तयार असेल आणि कोर्टानं परवानगी दिली, तर 325 चा खटला तेव्हाही आपसात मिटवता येत होता. 504 आणि साध्या धमकीचं 506 सुद्धा. ठाण्यात, कोर्टात, कोणी एका शब्दानं सांगितलं नव्हतं. तंटामुक्त गाव मोहीम 2007 साली आली, आमच्यासाठी फार उशिरा.

घरात बायकोला, लेकरांना रोज मारणाऱ्याची गोष्ट मी करत नाही. तिथे तडजोडीचा आग्रह म्हणजे मार खाणाऱ्यावर दुसरा अन्याय. पण बांधावरच्या एका उठलेल्या हातानं सख्खे भाऊ जन्मभर फिर्यादी-आरोपी होऊन राहू नयेत. 1 जुलै 2024 पासून दंड संहितेच्या जागी लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत गंभीर दुखापतीचा हा गुन्हा कलम 117 खाली येतो आणि कोर्टाच्या परवानगीनं मिटवण्याची वाट आजही उघडी आहे. तुमच्या वडिलांवर अशी केस असेल तर पुढच्या तारखेआधी तालुका विधी सेवा समितीत जा आणि पहिला प्रश्न हाच विचारा.