मेलो तरी नकाशा उरतो

गेमचा विषय निघाला की आम्हा शिक्षकांचं मत ठरलेलं असतं. पोरं बिघडली, डोळे गेले, अभ्यास गेला. पालकसभेत हे मी मराठीत ऐकलंय आणि उर्दूतही ऐकलंय. त्यात खोटं फारसं नाही. सप्टेंबर 2020 मध्ये पबजीवर बंदी आली, तेव्हा आमच्या सोनाळ्यात मोठ्या माणसांपैकी कुणाला वाईट वाटलं नसेल. पण 'गेम' हा एकच शब्द आपण फार वेगवेगळ्या गोष्टींना लावतो. एखादा माणूस पुस्तकं वाचतो एवढं कळल्यावर तो काय वाचतो हे कळत नाही, तसंच हे आहे. म्हणून आज एका गेमविषयी लिहितो. चाळिशी ओलांडलेल्या माझ्यासारख्या मास्तरला तो दोन उन्हाळे पुरला आणि परीक्षेविषयीचं माझं एक जुनं मत त्यानं आणखी पक्कं केलं.

गेमचं नाव एट्रियन ओडिसी. जपानच्या अ‍ॅटलस कंपनीनं जानेवारी 2007 मध्ये तो निन्टेन्डो डीएस या हातातल्या यंत्रासाठी काढला. त्याच वर्षी त्याची इंग्रजी आवृत्ती आली. डीएस म्हणजे कंपासपेटीसारखं उघडणारं यंत्र. त्याला वर एक पडदा आणि खाली एक पडदा. खालच्या पडद्यावर प्लॅस्टिकच्या काडीनं लिहिता येतं. माझे एक नातेवाईक सौदीहून परतताना भाच्यासाठी असं एक जुनं यंत्र आणि तीन गेम घेऊन आले. दोन गेम गाड्यांच्या शर्यतीचे होते, ते आठवडाभरात संपले. तिसरा पडून राहिला, कारण तो कुणालाच जमेना. भाचा तेव्हा आठवीत होता. पहिल्याच दिवशी माझ्याकडे येऊन म्हणाला, "मामू, इस में तो सब के सब मर गए!"

ज्यांना या प्रकाराची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. याला रोल-प्लेइंग गेम किंवा आरपीजी म्हणतात. आपण काही पात्रांची टोळी बांधायची, तिला घेऊन अनोळखी मुलखात शिरायचं, लढायचं आणि शिकत शिकत बलवान व्हायचं. लढाई धावपळीची नसते. बुद्धिबळासारखी चाल ठरवायची आणि मग परिणाम बघायचा. या प्रकाराचं मूळ अमेरिकेत आहे. तिथे 1981 मध्ये विझर्ड्री नावाचा गेम आला. त्यात भुयारात वाट चुकायची, म्हणून खेळणारे शेजारी आलेख कागद ठेवून स्वतःच नकाशा काढत. विझर्ड्री जपानमध्ये खूप गाजला आणि 1986 च्या ड्रॅगन क्वेस्टपासून जपानी आरपीजीची स्वतःची परंपरा सुरू झाली. पुढे गेम सोपे होत गेले, नकाशे आयते मिळू लागले. एट्रियन ओडिसीनं तो आलेख कागद परत आणला, फक्त यंत्राच्या खालच्या पडद्यावर.

गोष्ट साधी आहे. एट्रिया नावाचं गाव, गावाला लागून जंगल, आणि जंगलातून मजल्यामागून मजला खाली उतरत जाणारा भूलभुलैया. गावचा कारभार पाहणाऱ्या कचेरीचं नाव चक्क 'राधा' आहे. तिथून पहिली कामगिरी मिळते ती कुणाला मारण्याची नसते. पहिल्या मजल्याच्या सुरुवातीच्या भागाचा नकाशा काढून आणा, एवढीच असते. भिंती आपण ओढायच्या, दार कुठे आहे त्याची खूण आपण करायची. चौकोन चुकला तर तो आपणच खोडून दुरुस्त करायचा.

सोनाळ्याच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्या उत्तरेला सातपुडा आहे, अंबाबरव्याचं अभयारण्य आहे. तिथल्या वाटा कोरकू माणसाला पाठ असतात, पण त्या त्याला कुणी कागदावर दिलेल्या नसतात. इथे नाला वळतो, इथे मोहाचं झाड, इथे पावसाळ्यात पाय टाकायचा नाही, अशा खुणांनी त्याच्या डोक्यात नकाशा तयार झालेला असतो. नकाशा हा शब्दही आम्हा उर्दूवाल्यांना घरचाच आहे. अरबीत नक्श म्हणजे उमटवलेली, कोरलेली खूण. जो आपण उमटवला नाही तो नकाशा दुसऱ्याचा असतो.

आता गेमच्या कठीणपणाविषयी. तो खरोखर कठीण आहे. टोळीत पाच जण घेता येतात. कोण पुढे उभा राहील, कोण मागे, कुणाला कुठलं कौशल्य शिकवायचं, हे सगळं आपण ठरवायचं. वैद्य घेतला नाही तर पहिल्या मजल्यावरच हाल होतात. पण खरी भीती आहे ती एफओई नावाच्या प्राण्यांची. ते बाकीच्या शत्रूंहून कितीतरी बलवान असतात आणि सुरुवातीला त्यांच्या वाटेला गेलं की टोळी संपलीच. गंमत अशी की ते लपून बसलेले नसतात. नकाशावर ते गोळ्याच्या रूपात स्पष्ट दिसतात. आपण एक पाऊल टाकलं की तेही एक पाऊल टाकतात. दोन-चार वेळा पाहिलं की कोण एकाच फेऱ्यात फिरतो आणि कोण पाठलाग करतो ते कळतं. एखादी साधी लढाई लांबली तर तो मागून येऊन तीत सामील होतो, हेही कळतं. म्हणजे धोका मोठा आहे, पण फसवणूक नाही. मेलो तर का मेलो ते सांगता येतं.

कठीण आणि अन्यायी यांतला फरक मला या गेमइतका स्वच्छ कुठे दिसला नाही. जो खेळ तुम्हाला अडवतो, पण हातात पेन्सिल देतो आणि धोका नकाशावर दाखवतो, तो कठीण. जो अडवतो आणि का अडवलं ते सांगत नाही, तो अन्यायी.

भाच्याला जी गोष्ट सगळ्यांत आवडली तीच मलाही आवडली. टोळी पूर्ण मेली की या गेममध्ये मागच्या वेळी जतन केलेल्या जागेवरून पुन्हा सुरू करावं लागतं. मधल्या वेळेत कमावलेला अनुभव गेला, पैसा गेला, वस्तू गेल्या. पण गेम एक प्रश्न विचारतो: काढलेला नकाशा ठेवायचा आहे का? हो म्हटलं की मरेपर्यंत ओढलेली प्रत्येक भिंत तशीच राहते. पुढच्या वेळी टोळी तितकीच कमजोर असते, पण वाट माहीत असते. हरलेल्या माणसाच्या हातात काय उरलं पाहिजे याचा इतका साधा विचार आमच्या शिक्षणखात्यात कुणी केला असता तर बरं झालं असतं.

कारण आमच्याकडे उलटं घडतं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवायचं नाही असं ठरलं होतं. 2019 मध्ये कायद्यात बदल झाला आणि 2023 मध्ये महाराष्ट्रानं पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली. नापास झाला तर फेरपरीक्षा, तिच्यातही नापास झाला तर त्याच वर्गात. परीक्षेला माझा विरोध नाही. पण नापास मुलाच्या हातात आपण काय देतो? एक आकडा. तो कुठल्या भिंतीला धडकला, कुठल्या वळणावर चुकला, हे ज्या कागदावर आहे ती उत्तरपत्रिका कपाटात जाते. बोर्डाच्या दहावी-बारावीला निदान अर्ज करून, शुल्क भरून छायाप्रत मागता येते. पाचवीतल्या मजुराच्या मुलाच्या वतीनं असा अर्ज कोण करणार? मग तो तोच वर्ग पुन्हा सुरू करतो, त्याच कमजोर टोळीनं, आणि तेही नकाशाशिवाय.

उर्दू शाळेतून आठवीनंतर मराठी शाळेत येणाऱ्या मुलांत मला हे फार दिसतं. त्यांचा भूलभुलैया वेगळा आहे, पण त्यातले एफओई ठरलेले आहेत. उर्दूत ळ नाही, त्यामुळे मूल स्वतःच्या गावालाही 'सोनाला' म्हणतं. ण चा न होतो. उर्दूत लिंगं दोन, मराठीत तीन. म्हणून 'ते झाड' म्हणताना त्याची जीभ अडते आणि वर्ग हसतो. चमच्यातला च आणि चहातला च एकाच अक्षरानं लिहायचा आणि वेगळा उच्चारायचा, हे त्याला कुणी आधी सांगितलेलं नसतं. या जागा वर्षानुवर्षं त्याच आहेत. आम्हा शिक्षकांना त्या दिसतात. मुलाला मात्र दिसत नाहीत, कारण त्याच्या नकाशावर आम्ही त्या उमटवू दिलेल्या नसतात. मग तो धडकतो आणि घरी जाऊन सांगतो, मराठी अपने बस की नहीं. हे वाक्य तो नववीत बोलतो आणि त्याची किंमत पुढे आयुष्यभर मोजतो. पोलीस भरतीचा पेपरही मराठीतच असतो.

गेमचे दोषही सांगितले पाहिजेत. एक म्हणजे वेळ. बळ वाढवण्यासाठी तेच तेच शत्रू पुन्हा पुन्हा मारावे लागतात आणि त्या भागात शिकण्यासारखं काही नसतं, नुसती घासाघीस असते. दहावीच्या वर्षात असलेल्या मुलाच्या हातात मी हा गेम देणार नाही. दुसरा दोष भाषेचा. सगळं इंग्रजीत आहे. भाच्याच्या शेजारी शब्दकोश घेऊन मी बसलो नसतो तर त्यानं तो सोडूनच दिला असता, आणि प्रत्येक घरात असा रिकामा मामू नसतो. कहाणीही बराच वेळ पातळच राहते. पात्रांना स्वतःचा आवाज नाही, आपण कल्पनेनं भरावा तेवढाच. मला ते चाललं, कारण आमच्या पिढीला दास्तान ऐकताना चित्रं स्वतःच रंगवायची सवय होती. ज्याला सगळं तयार हवं त्याला कंटाळा येईल.

जून 2023 मध्ये अ‍ॅटलसनं हा गेम नव्या रूपात पुन्हा काढला, निन्टेन्डो स्विच आणि संगणकासाठी. त्यात काठिण्याचे तीन प्रकार आहेत आणि सगळ्यांत सोप्याचं नाव पिकनिक. काही जुन्या खेळाडूंना असली सवलत आवडत नाही, त्यांना वाटतं खेळाची इज्जत गेली. मला तसं वाटत नाही. पिकनिकमध्ये शत्रू सौम्य होतात, पण नकाशा काढायचं काम तसंच राहतं. सवलत द्यायची तर अशी द्यावी. आम्ही शाळेत नेमकं उलटं करतो. गाइडमधून उत्तर तयार देतो, म्हणजे नकाशा आयता देतो, आणि मार्चमध्ये शत्रू मात्र पूर्ण ताकदीचा सोडतो.

माझ्या वर्गात मी जे करतो त्याला शासनाचा जीआर लागत नाही. घटक चाचणी तपासून झाली की पेपर मुलांच्या हातात जातो आणि घरीच राहतो. प्रत्येकाकडे एक चौकटींची वही आहे. कुठे अडलो, तिथे तो स्वतः खूण करतो: ळ, ते झाड, जोडाक्षर. पुढच्या चाचणीआधी तो गाइड नाही, ती वही उघडतो. यानं सगळे पास होतात असा माझा दावा नाही. मागच्या वर्षी एक मुलगा दोनदा नापास झाला. दुसऱ्यांदा पेपर घेताना त्यानं मार्क पाहिलेच नाहीत. आधी पान उलटून म्हणाला, "सर, ळ इस बार सब बराबर है. अब सिर्फ़ 'ते' वाला बाक़ी है."

त्याला अजून पुढे जायचंय, पण भिंत कुठे आहे हे त्याला माहीत होतं.