रकाना नसलेलं नुकसान

२७ जून २०१८
पिंपळगावकडच्या वावी-ठुशीच्या शिवारात आज सकाळी अकराच्या सुमारास सुखोई पडलं. दोन्ही वैमानिक हवाई छत्रीनं उतरले, जिवाला धोका नाही. संध्याकाळी मेव्हण्यांना फोन केला. ते ओझरला मिगमध्ये आहेत (१९६४ ला तिथं मिगचा कारखाना निघाला, आता सुखोई करतात, पण म्हणायचं मिगच). विमान अजून हवाई दलाकडं सोपवायचं होतं, चाचणी चालू होती, एवढंच त्यांनी सांगितलं. पुढं काही विचारलं की "चौकशी बसलीय" म्हणून विषय बंद. मग आमच्या द्राक्षबागेची चौकशी केली. सबकेन झाली का, शेंडे मारले का.

१९ सप्टेंबर २०२३
गणपती बसले. आरती झाल्यावर भाच्यानं मोबाइलवरची बातमी वाचून दाखवली आणि मोदक हातातच राहिले. अमेरिकेत, साउथ कॅरोलायनात, रविवारी वादळी पावसात एका वैमानिकानं एफ-३५ मधून उडी घेतली. तो उतरला नॉर्थ चार्ल्स्टनमध्ये कुणाच्या तरी घराच्या मागच्या अंगणात. विमान मात्र खाली आलंच नाही. रिकामंच पुढं निघून गेलं आणि दिसेनासं झालं. लष्करानं लोकांनाच विचारलं, कुणाला दिसलं तर कळवा! सुमारे दहा कोटी डॉलरचं विमान, रडारला दिसू नये म्हणूनच घडवलेलं, ते मालकालाही दिसेना. दुसऱ्या दिवशी तुकडे सापडले, विल्यम्सबर्ग काउंटी नावाच्या खेड्यापाड्यांच्या भागात.

सगळे हसले. आबा म्हणाले, "म्हणजे दावं तोडून बैल पळाल्यासारखंच की." मग लगेच, "कुणाच्या वावरात सापडलं?"
ते बातमीत नव्हतं.

२८ नोव्हेंबर २०२३
परवा रविवारी गारा झाल्या. निफाड तालुक्यात द्राक्षाची वाट लागली. आमचा पूर्वेकडचा प्लॉट गेल्यातच जमा आहे. गार लागलेली काडी जवळून बघितली की एका बाजूची साल सोललेली, आतलं हिरवट पांढरं लाकूड उघडं. घडातले मणी एकाच अंगाला चिरलेले, वारा ज्या बाजूनं होता त्या. उद्यापर्यंत तिथं कूज धरणार. तलाठी आणि कृषी सहायक येऊन पंचनामा करून गेले. क्षेत्र, पीक, नुकसानीची टक्केवारी, सही.
बाकी लिहावंसं वाटत नाही.

४ जून २०२४
लोकसभेच्या निकालाचा दिवस. टीव्हीवर दिंडोरीचे आकडे. कांद्याची निर्यातबंदी लोक विसरले नव्हते, ते पहिल्या फेऱ्यांतच कळलं. तुतारी चिन्हाच्या अपक्ष भगरेंना ढिगानं मतं पडत होती आणि तुतारी वाजवणारा माणूस ज्यांचं चिन्ह होतं त्या भगरे सरांचे कार्यकर्ते कपाळाला हात लावून बसले होते. (अपक्षाची मतं शेवटी लाखाच्या वर गेली. तरीही सर निवडून आले.)

दीडच्या आत-बाहेर फोन सुरू झाले. शिरसगावला विमान पडलं. पुन्हा सुखोई, पुन्हा आपलाच तालुका. हे दुरुस्तीसाठी कारखान्यात आलेलं होतं म्हणतात. दोघंही वैमानिक बाहेर पडले, किरकोळ जखमा. ते ऐकल्यावर आईनं देवापुढं साखर ठेवली. मला विचाराल तर आजच्या दिवसातली सगळ्यात चांगली बातमी ती, निकाल नंतर.

५ जून २०२४
शिरसगावच्या पाहुण्यांकडं जाऊन आलो. तुकडे पाचशे मीटरपर्यंत उडालेत. दोरी बांधून पोलीस उभे, जवळ जाऊ देत नाहीत, ते बरोबरच आहे. वास मात्र दोरी मानत नाही. रॉकेलच्या जवळ जाणारा, पण घशात बसणारा. एका पोराच्या हातात बोटभर तुकडा होता. वरून पातळ पत्रा, आत षटकोनी जाळी, वजन जवळजवळ नाहीच. "काका, एवढं हलकं असतं?" मी म्हटलं, ते आधी पोलिसांकडं दे, चौकशीला लागतं. दिलं त्यानं, पण फोटो काढूनच.

पाहुण्यांचा प्रश्न वेगळा होता. काळी जमीन तेल पिते. जळालेल्या जागेची माती किती खोल काढायची? काढली तर टाकायची कुठं? नवी कुठून आणायची, आणि तिच्यात पीक यायला किती वर्षं? तोंडावर पाऊस आहे, पाण्याबरोबर ते तेल शेजारच्या वावरात उतरलं तर? दोरीपलीकडच्या लोकांना यातलं काही विचारायची सोय नव्हती, आणि त्यांचं ते कामही नव्हतं. ते विमान का पडलं हे शोधायला आले होते.

येताना ओळखीचे तलाठी भेटले. गारपिटीला आता ठरलेला दर आहे, बहुवार्षिक पिकाला हेक्टरी ३६,००० रुपये, तीन हेक्टरपर्यंत. म्हणजे एकरी साधारण साडेचौदा हजार, द्राक्षाच्या खर्चापुढं काहीच नाही, पण दर आहे. विमानाला कोणता रकाना, मी विचारलं. "इतर," म्हणाले, आणि हसले. मला नाही हसू आलं.

३ नोव्हेंबर २०२४
भाऊबीज. भाचा आला तो त्या एफ-३५ चा चौकशी अहवाल घेऊनच. परवाच जाहीर झालाय. दोष वैमानिकाचा ठरला. विजेच्या बिघाडानं रेडिओ आणि इतर यंत्रणा गेल्या, शिरस्त्राणातला पडदा लुकलुकायला लागला, बाहेर मुसळधार पाऊस आणि ढग, उंची दोन हजार फुटांच्याही खाली. विमान हाताबाहेर गेलं असं त्याला वाटलं आणि त्यानं उडी घेतली. विमान पुढं ११ मिनिटं २१ सेकंद एकटं उडत राहिलं, म्हणून ते उडण्याजोगं होतं असं ठरलं. अहवाल लिहिणाऱ्यांना वर्ष मिळालं, त्या बिचाऱ्याला काही सेकंद. मी त्याच्या बाजूनं आहे.

जमिनीवर कुणाला इजा नाही. झाडांचं आणि पिकांचं नुकसान झालं, अशी नोंद आहे. तेवढीच.
"पीक कोणतं?" आबा.
भाच्यानं मोबाइल वर-खाली केला. ते नाही म्हणाला. तिकडं कापूस होतो, सोयाबीन, मका, भुईमूग.
"सप्टेंबरात म्हणजे उभं पीक," आबांनी हिशेब मांडला. "कापूस असला तर बोंडं धरलेली असणार, गेला बिचारा. सोयाबीन असेल तर एवढं नाही." थोडं थांबून म्हणाले, "हमीभाव चार हजार आठशे ब्याण्णव आणि बाजारात त्याच्या खालीच. तिकडं काय भाव आहे रे?"
भाचा तो शोधायला लागला.